चारशे सोळाची दुसरी बाजू

चिठ्ठी पहिली
(रहिमतपूर ते मिरज, दुपारच्या पॅसेंजरच्या गार्डाच्या हाती)

महंमद,
फोटो पोचले. तू माझी गाडी पितळेत करतोयस हे लालासाहेबानं सांगितलं तवा बरं वाटलं. फोटो बघितले आन् ते बरं वाटणं गेलं. ही माझी गाडी न्हाई. हिला दोन्ही बाजूंनी फायरमनच हाय.
हंबीरराव


महंमद शिकलगारनं चिठ्ठी मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या वाचली. घडी घातली, उलगडली, परत वाचली. चिठ्ठी आणणारे लालासाहेब गार्ड डब्याच्या दारात हसत उभे होते.

"वाचली काय वं तुमी?"

"छ्या. दुसऱ्याची चिठ्ठी मी वाचीन?"

"मग हसताय कशाला?"

"कागद पातळ हाय," लालासाहेब म्हणाले. "उत्तर देणार असशील तर उद्या सकाळी दे. आन् शेंगांचं गाठोडं हाय बघ, हंबीररावांच्या घरातनं, रंगूवैनींनी दिलंय. पुरं भरलेलं व्हतं. ताकारीपर्यंत थोडं हलकं झालं."


आता महंमदची चूक.

अकरा वर्षं तो हंबीरराव जाधवांच्या हाताखाली फायरमन होता. पुणे-मिरज छोट्या लाइनवर, चारशे सोळा नंबरच्या इंजिनावर. पुढं मोठी लाइन आली आणि चारशे सोळा भंगारात गेली. हंबीरराव पेन्शन घेऊन रहिमतपूरजवळच्या गावी गेले. महंमदनं नोकरी सोडली, कुपवाडला पत्र्याच्या एका शेडात लेथ टाकला आणि पंपांचे शाफ्ट कातायला लागला. गेली दोन वर्षं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो त्याच लेथवर चारशे सोळा करत होता. एका फुटाला पाऊण इंच, या मापात. म्हणजे त्याच्या पट्टीवरचं एक सूत, इंचाचा आठवा भाग, खऱ्या गाडीवर दोन इंच होई. टेंडर, म्हणजे मागची कोळसा-पाण्याची गाडी, धरून लांबी तीन फुटांच्या वर. बॉयलर खरा, वाफ खरी. शिट्टीचा सूर त्यानं मिरजेतल्या सतारी करणाऱ्या शेजाऱ्याकडून लावून घेतला होता.

हे सगळं त्याला एकाच गोष्टीसाठी हवं होतं. हंबीररावांनी चष्मा लावून गाडीभोवती एक चक्कर मारावी आणि म्हणावं, हीच ती.

त्याच्याजवळ चारशे सोळाचा एकच फोटो होता. फायरमनच्या बाजूनं काढलेला. त्या बाजूचा बोल्टन् बोल्ट त्याला पाठ होता. दुसरी बाजू करायची वेळ आली तेव्हा त्यानं पातळ कागदावर काढलेलं ड्रॉइंग सरळ उलटं घातलं. पायजम्याचे दोन पाय सारखे, तशा गाडीच्या दोन बाजू सारख्या, असं धरून चालला.

लोक म्हणतील, अकरा वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला हे कळू नये? पण त्या बाजूला अकरा वर्षं हंबीररावांची पाठ होती. तेल घालायलाही ते स्वतः उतरत. आपल्या बाजूला कुणाला चिंधी लावू देत नसत. महंमदला ड्रायव्हरची बाजू माहीत होती ती खाकी शर्टाच्या रुंदीएवढी वजा करून.


चिठ्ठी दुसरी
(मिरज ते रहिमतपूर)

आबा, सलाम.
चूक कबूल. काय काय राहिलं ते लिहा. एकेक सांगा, मी एकेक करतो. शेंगा गोड होत्या. निम्म्या पोचल्या.
महंमद


चिठ्ठी तिसरी

एक. व्हॅक्यूम ब्रेकचा जाड पाइप. माझ्या खिडकीपासनं बॉयलरच्या कडेनं थेट पुढच्या धुराच्या पेटीपर्यंत. तो फकस्त माझ्या बाजूला. तुज्या फोटोत त्या जागी हवा हाय.
दोन. लिवरचा दांडा. गाडी फुडं न्यायची का मागं, ते ज्या लिवरनं ठरतंय तो कुणाच्या हाताशी? माझ्या. मग त्याचा दांडा तुज्या बाजूला कशाला ईल? आन् नुसता चिकटवू नगंस. लिवर सरकवला की दांडा सरकला पायजे आन् चाकं उलटी फिरली पायजेत. शोभेचा दांडा माझ्या गाडीवर चालायचा न्हाई.


चिठ्ठी चौथी

पाइप केला. दांडा करतोय, चालता करतोय. बारा दिवस लागतील. बाकी?


चिठ्ठी पाचवी

बाकी लय हाय. पायरीचा खालचा पत्रा फुडच्या अंगाला वाकलेला. नंबराच्या पाटीला चार स्क्रू, त्यातला वरचा एक न्हवता. खिडकीच्या कडेवर माझं कोपर टेकून टेकून हिरवा रंग गेलेला आन् लोखंड चकाकायचं. तेवढा रंग घालव.


चिठ्ठी सहावी

पायरी वाकवली. स्क्रू काढला. कोपराची जागा मोजून कळवा.


चिठ्ठी सातवी

खिडकीच्या फुडच्या कोपऱ्यापासनं नऊ इंचावर सुरू, पाच इंच रुंद. आज कोपर मोजलं. रंगू म्हणाली, काय झालं, लागलंय का? म्हटलं, महंमदला पायजे.


अशी तीन महिने ये-जा चालली. लालासाहेब प्रत्येक चिठ्ठी वाटेतच वाचत आणि मिरजेला आल्यावर न वाचल्यासारखं करून मत देत. ("पाइपाचं त्यांचं बराबर हाय. पायरीचं मला शंका वाटतीय.") गाडीवरच्या माणसांनी एकमेकांच्या वस्तू फुकट पोचवायच्या ही जुनी रीत. पूर्वी यातून भाकरी जात, औषधं जात, एकदा तर स्थळाचा फोटो जाऊन लग्न जमलं होतं. इंजिनाची ड्रायव्हरची बाजू कधी गेली नव्हती. तीही आता चिठ्ठी चिठ्ठी करून गेली.

चोवीस दुरुस्त्या झाल्या. पंचविसावी कुणीच लिहिली नाही.


वरून

महंमदची बायको जरिना डबा घेऊन कुपवाडला आली तेव्हा महंमद छपरावर रंगाचा शेवटचा हात देत होता. ड्रायव्हर-फायरमनच्या डोक्यावरचा तो वाकवलेला पत्रा. हिरवागार, आरशासारखा.

जरिनानं डबा ठेवला आणि छपराच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हितं पोचा व्हता न्हवं?"

"व्हता."

"मग?"

"आबांनी लिवलं न्हाई."

"आबांनी स्क्रू लिवला. कोपर लिवलं. हाताएवढा पोचा इसरले व्हय?"

महंमदनं ब्रश टर्पेन्टाइनच्या डबीत बुडवला आणि बराच वेळ ढवळत बसला.

पोच्याची गोष्ट अशी. घाटाखालच्या एका लहान स्टेशनात गाडी पाणी घ्यायला थांबली होती. हंबीररावांच्या हातून ती थोडी पुढं गेली. त्यांनी लिवर मागं टाकून ती पाण्याच्या खांबाशी परत आणली. महंमद टेंडरवर चढला. खांबाची लोखंडी सोंड ओढून त्यानं टाकीच्या तोंडावर धरली, पाणी भरलं. सोंड बाजूला फिरवायच्या आधीच खाली हंबीररावांनी वाफ दिली. लिवर मागंच राहिलेला. गाडी पुढं जायची ती मागं आली आणि सोंड छपराच्या मागच्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला, धाडकन बसली.

त्याच महिन्यात हंबीररावांचं नाव मेल गाडीवरच्या बढतीसाठी वर गेलं होतं. त्यांनी अहवालात लिहिलं, फायरमननं सोंड वेळेवर फिरवली नाही. साहेबांनी महंमदला विचारलं, खरं का? महंमदनं हंबीररावांकडे पाहिलं. ते बुटाकडे बघत होते. महंमद म्हणाला, हो.

हंबीरराव मेलवर गेले. महंमद शिक्षा म्हणून सहा महिने इंजिनांच्या शेडमध्ये राख उपसत होता. नंतर मेललाच चारशे सोळा लागली, दोघं पुन्हा तिच्यावर एकत्र आले आणि पोच्याखाली उभं राहून आणखी चार वर्षं गाडी चालवली. त्यावर एक अक्षर कुणी काढलं नाही. गावात हंबीरराव सांगत, अठ्ठावीस वर्षं, गाडीला ओरखडा न्हाई.

"त्या सहा महिन्यांत तुमच्या बनियनी धुताना पाणी काळं, वाळत घातल्या तरी काळ्याच," जरिना म्हणाली. "घाला पोचा. खरी गाडी करायचीय ना?"

"करायचीय."

"मग?"

"पोचा घातला तर कुणी इचारलं की सांगावं लागंल. माझ्या हातून आबांची अब्रू काढायची? तीबी त्यांच्याच गाडीवर?"

"आन् न्हाई घातला तर खोटी गाडी घेऊन त्यांच्या दारात जाणार?"

त्यानं डबा उघडला. छप्पर गुळगुळीत राहिलं. झोपताना दोन-तीनदा त्याला वाटलं की गुळगुळीत छपराची ती गाडी कुण्या दुसऱ्याच फायरमनची आहे.


ड्रायव्हरची बाजू

गाडी गोधडीत, गोधडी पेटीत, पेटी गार्डाच्या डब्यात. महंमदबरोबर जरिनाही निघाली. लालासाहेब रजेवर होते, तरी गणवेशात आले होते. ("झेंडा लागंल की न्हाई?") रहिमतपूरला बैलगाडी उभी होती. हंबीररावांनी तिच्यात कडबा अंथरून ठेवला होता आणि बैल हळू चालवायला स्वतः पुढं बसले. पाच वर्षांनी दोघं भेटत होते.

"बारीक झालास," हंबीरराव म्हणाले.

"तुमी जाड झाला."

"कोळसा न्हाई, धूर न्हाई. माणूस सुजतोयच."

शेंगा काढून झालेल्या होत्या. सारवलेलं खळं मोकळं होतं. तिथं महंमदनं चाळीस फूट रूळ मांडले, गाडी वर ठेवली आणि गोधडी काढली. गावातली दहा-बारा माणसं जमली होती. मग रंगूबाई म्हणाल्या, "आगं बया, ही तर श्वास घील असं वाटतंय."

हंबीररावांनी चष्मा लावला.

"आवं, पावण्यांना पाणी तरी इचारा."

"थांब."

ते आधी फायरमनच्या बाजूनं गेले, भराभर, पाहुण्याच्या घरातून जावं तसे. मग वळसा घालून आपल्या बाजूला आले आणि मांडी घालून जमिनीवरच बसले. व्हॅक्यूमच्या पाइपावरून बोट पुढपर्यंत नेलं. पायरी पाहिली. नंबराच्या पाटीचा नसलेला स्क्रू पाहून मान हलवली. खिडकीच्या कडेला रंग गेलेली जागा सापडली तेव्हा त्यांनी तिथं करंगळीचं टोक टेकवलं आणि जरा वेळ तसंच ठेवलं.



मग त्यांनी काडेपेटीतली एक काडी काढली आणि आतला लिवर ढकलला. बाहेरचा लांब दांडा सरकला. लिवर मागं आणला, दांडा मागं आला. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. मागं आणल्यावर काडी तिथंच राहिली.

बोट वर गेलं. छपराच्या मागच्या कडेवरून निघालं, कोपऱ्यापर्यंत आलं, परत फिरलं. परत आलं.

"महंमद."

"जी."

"हे छप्पर कुणाच्या गाडीचं?"

"आपल्याच."

"खोटं हाय."

"फोटोत दिसत न्हाई, आबा, म्हणून..."

"फोटो कशाला पायजे? तू व्हतास की वर."

महंमद लिंबाच्या झाडाकडे बघायला लागला. जरिना महंमदकडे बघायला लागली. लालासाहेबांनी उगाच झेंड्याची घडी मोडली आणि परत घातली.

"हत्यारं आणलीस?"

"हायत."

"बारकी हातोडी दे. गोल तोंडाची."

"साहेब," लालासाहेब म्हणाले, "दोन वर्षांचं काम हाय गरिबाचं..."

"तुमी गप ऱ्हावा. चिठ्ठ्या वाचा."

हातोडी आली. हंबीररावांनी छपराच्या आतून एक लाकडाचा तुकडा टेकवला, हातोडीचं तोंड कडेवर ठेवून जागा धरली. आणि इथं महंमदला राहवलं नाही.

"तितं न्हवं, आबा."

"काय?"

"एक सूत आत घ्या. कोपऱ्यापासनं आत."

"कोपऱ्यालाच व्हता."

"न्हाई. एक सूत, म्हंजी खऱ्याला दोन इंच. कोपऱ्याचा वाक शाबूत व्हता, त्याच्या आतल्या अंगाला पोचा. मी वरनं बघितलाय की, टेंडरवरनं. नाकासमोर."

"नाकासमोर! तुज्या तोंडावर पाण्याचा फवारा. डोळं मिटल्यालं. तुला काय दिसतंय?"

"डोळं उघडं व्हतं माझं."

"आरं तू बाहीर, मी आत! माझ्या डोक्यावर झालं ते! लिवर मागं ऱ्हायला माझ्याच्यानं, वाफ दिली म्या, गाडी मागं आली न् सोंड माझ्या टाळूवर अशी बसली की कान बधिर! गाडी ठोकली म्या आन् जागा तू सांगतोस?"



रंगूबाई पुढं आल्या. "म्हंजी? तवा तर तुमी म्हनला, महंमदभावजींनी सोंड फिरवली न्हाई म्हनून..."

"म्हनलो व्हतो."

"कागदावर बी लिवलं?"

"लिवलं."

"आन् मेलवर गेला."

"गेलो." हंबीररावांनी चष्मा काढला. बघायला काही नव्हतं, तरी काच शर्टाला पुसली. "ह्यो सहा महिने राखंत. मी मेलवर. रोज शेडावरनं गाडी काढताना ह्यो फावडं घेऊन उभा, आन् मला सलाम घालायचा. दुसरा असता तर थुकला असता."

"थुकलो असतो," महंमद म्हणाला. "पण तोंडात राख व्हती."

कुणीतरी फसकन हसलं. ते लालासाहेब निघाले. मग रंगूबाई हसल्या, आणि हसता हसता नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला, चांगला जोरात. हंबीररावांनी तो मुकाट्यानं घेतला.

जरिना हसली नव्हती. ती रुळांजवळ आली, पदर खोचून गाडीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली,

"ते झालं. आता एक सूत आत का कोपऱ्याला?"


यावर पाऊण तास गेला. हंबीररावांना त्यांच्याच घराच्या दारात उभं करण्यात आलं. दाराची चौकट ही छपराची मागची कड. महंमद उंबऱ्यामागं टेंडर म्हणून मांडलेल्या खाटेवर उभा. लालासाहेबांनी कासऱ्याची दोरी सोंड म्हणून धरली. रंगूबाईंनी सांगितल्यावर ती सोंड तीन वेळा येऊन चौकटीवर आपटली. तिसऱ्या खेपेला हंबीररावांनी टाळूवर हात ठेवला, वर बघितलं, कोपऱ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले,

"एक सूत आत."

"बघा."

"बघा काय बघा! एक सूतच. दीड म्हणला असतास तर वाद घातला असता."

हातोडी महंमदनं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत त्याच्या हातात दिली. त्यानं परत त्यांच्या. शेवटी हंबीररावांनी लाकूड आतून धरलं आणि ठोकाही स्वतःच मारला. एक. ठण्ण. हिरव्या कडेला वाटाण्याएवढा खड्डा पडला आणि त्यातला रंग उडून पितळ उघडं झालं.

"तितं लोखंड दिसायचं, पितळ न्हवं," महंमद म्हणाला. "जरा काळं लावावं लागंल."

"घरी जाऊन लाव. आता वाफ कर."

स्पिरिटचा दिवा पेटला. पाणी तापायला वीस मिनिटं. तेवढ्यात चहा झाला, गावातल्या माणसांनी पोचा कुठं पडला ते पाळीपाळीनं वाकून बघितलं. एक म्हातारा बघून म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं ओरखडा न्हाई म्हनत व्हता न्हवं?" हंबीरराव म्हणाले, "ओरखडा न्हवताच. पोचा व्हता."

वाफेच्या दाबाचा काटा वर चढला. हंबीरराव पुन्हा मांडी घालून बसले. वाफेच्या दांडीला हात घातला.

"आबा," महंमद म्हणाला. "लिवर."

काडीनं मागं ओढलेला लिवर मागंच होता. हंबीररावांनी त्याच्याकडे रागानं बघितलं. लिवर पुढं टाकला. लालासाहेबांनी हिरवा झेंडा दाखवला, तोंडानं शिट्टी मारली, गाडीनंही मारली, आणि चारशे सोळा खळ्यावरून निघाली. पुढं.


चिठ्ठी शेवटची
(रहिमतपूर ते मिरज. पाकीट चारी बाजूंनी चिकटवलेलं. लालासाहेब म्हणाले, "वाचली न्हाई." या वेळी खरं असावं, कारण शेंगांचं गाठोडंही पुरं होतं.)

महंमद,
दुरुस्ती पंचविसावी आन् शेवटची. माझ्या त्या अहवालात जितं जितं फायरमन लिवलंय तितं ड्रायव्हर वाचावं. साहेब आता कुठं असतील कुणास ठाऊक, म्हणून तुलाच धाडतो. तू ठेव. गाडीच्या पेटीत, टेंडरच्या खाली.
काळं लावलंस का?
तुजी शिट्टी जरा वरच्या सुरात हाय. आपली खाली बोलायची. बाकी हीच ती.
हंबीरराव


उत्तर

आबा,
काळं लावलं. कागद ठेवला.
शिट्टीचं पटत न्हाई. जरिना म्हणती, दोघंबी या आन् ऐकून सांगा. वाटेत लालासाहेबांना इचारू नका, त्यांचं मत ते देतीलच.
महंमद